जुन्या विंडोज 10 लॅपटॉपवर लिनक्स मिंट: विंडोजला धक्का न लावता बसवण्याची रीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: 2016-17 चा लॅपटॉप, इंटेल आय3 सहाव्या पिढीचा प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 1 टीबीची फिरती हार्ड डिस्क, वर विंडोज 10. मशीन कमालीचं संथ झालंय, विंडोज 11 ते स्वीकारत नाही. लिनक्स बसवायचंय, पण विंडोज आणि त्यातला डेटा जाता कामा नये, आणि मराठी टायपिंग नीट चाललं पाहिजे. कोणतं लिनक्स घ्यावं, कसं बसवावं?

विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, त्यामुळे तुमचं मशीन अधिकृतपणे त्यात बसत नाही. लिनक्सच्या दृष्टीने मात्र या मशीनमध्ये कसलीही कमतरता नाही. संथपणाचं मुख्य कारण प्रोसेसर नसून फिरती डिस्क आहे.

लिनक्स बसवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. माणसांचा डेटा जातो तो त्याआधीच्या तयारीत कसर राहिल्यामुळे, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच डिस्कवर दोन सिस्टिम कोंबताना. म्हणून माझा पहिला आणि ठाम सल्ला: विंडोजच्या डिस्कचे तुकडे करू नका. एक वेगळी एसएसडी (न फिरणारी, चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) घ्या आणि लिनक्स तिच्यावर बसवा. 240 किंवा 256 जीबीची साधी 2.5 इंची साटा (जुन्या डिस्कसारख्याच जोडणीची) एसएसडी पुरते. विंडोजची डिस्क आहे तशी बाजूला राहते, आणि लिनक्सही फिरत्या डिस्कवर चालेल त्यापेक्षा कितीतरी चपळ चालतं. एसएसडी घेणं शक्यच नसेल तर एकाच डिस्कवर कसं करायचं तेही पुढे दिलंय.

कोणतं लिनक्स

लिनक्स मिंटची 22 मालिका घ्या, एक्सएफसीई आवृत्ती. ही मालिका उबुंटू 24.04 वर आधारलेली आहे आणि तिला एप्रिल 2029 पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. मिंटच्या तीन आवृत्त्या मिळतात: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. दिसायला सिनॅमन सर्वात देखणी, पण 4 जीबी रॅमवर एक्सएफसीईच बरी. मिंटची अधिकृत किमान गरज 2 जीबी रॅम आणि 20 जीबी डिस्क आहे. नीट काम करायला 4 जीबी आणि 100 जीबी सुचवलेलं आहे. खरी रॅम खातो तो ब्राउझर, आणि तो कोणत्याही सिस्टिमवर तितकीच खातो. दहा-बारा टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर एसएसडीबरोबर 4 जीबीची आणखी एक पट्टी घालून रॅम 8 जीबी करा. फक्त विकत घेण्याआधी पट्टी डीडीआर3एल आहे की डीडीआर4 ते बघा. सहाव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये दोन्ही प्रकार सापडतात आणि एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसतच नाही. पट्टीवरच्या लेबलवर 1.35 व्होल्ट असेल तर डीडीआर3एल, 1.2 व्होल्ट असेल तर डीडीआर4.

सी-डॅकने डेबियनवर उभं केलेलं बॉस लिनक्स हाही पर्याय लोक विचारतात. भारतीय भाषांसाठी त्यांनी चांगलं काम केलंय, पण घरी पहिल्यांदाच लिनक्स बसवणाऱ्याला अडचणीच्या वेळी जितकं तयार साहित्य मिंट आणि उबुंटूसाठी सापडतं तितकं तिथे सापडत नाही. हे एकच कारण मला पुरेसं वाटतं.

विंडोज चालू असतानाच करायच्या गोष्टी

आधी बॅकअप. डॉक्युमेंट्स, फोटो, डेस्कटॉपवरच्या फायली हे लक्षात राहतं. विसरतं ते हे: ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क, आउटलुक वापरत असाल तर त्याची पीएसटी फाइल, टॅलीचा डेटा फोल्डर, आणि डाउनलोड्समध्ये पडून असलेली बँकेची, विम्याची, सातबाऱ्याची पीडीएफ. सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवण्याआधी दोन-चार फायली उघडून बघा.

मग डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवा. त्यात रीअलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर या तीन ओळींचे कच्चे आकडे शून्य हवेत. पेंडिंग सेक्टर असलेल्या डिस्कवर पार्टिशनची (डिस्कच्या पाडलेल्या भागांची) हलवाहलव करणं म्हणजे डेटा पणाला लावणं. अशी डिस्क असेल तर फक्त बॅकअप घ्या आणि ती निवृत्त करा.

त्यानंतर एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लावलेलं कुलूप. सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन दिसतंय का बघा. प्रो आवृत्ती असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकर बघा. चालू असेल तर आधी 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूटची, म्हणजे फक्त ओळखीची सिस्टिम सुरू होऊ देणारी, सेटिंग बदलली की बिटलॉकर ती की मागू शकतो, आणि ती हाती नसेल तर डेटाचं दार बंद. एकाच डिस्कवर लिनक्स बसवणार असाल तर एन्क्रिप्शन पूर्ण बंद करा आणि डिक्रिप्शन संपेपर्यंत थांबा. फिरत्या डिस्कवर याला काही तास लागतात.

आता फास्ट स्टार्टअप, ज्याच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतं. विंडोज 10 मध्ये शट डाउन म्हटलं तरी मशीन पूर्ण बंद होत नाही. विंडोज आपला गाभा हायबरनेट करून डिस्कवर लिहून ठेवतं आणि पार्टिशन अर्धवट उघडी राहते. लिनक्सला ती पार्टिशन दिसते, पण तो तिच्यात लिहायला नकार देतो किंवा ती फक्त वाचण्यापुरती उघडतो. असा नकार न मिळता जबरदस्तीने लिहिलं गेलं तर पुढच्या वेळी विंडोज जुनी स्थिती परत आणतं आणि फायली बिघडतात. म्हणून कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जा, पॉवर बटन काय करतं ते ठरवण्याच्या पानावर सध्या करड्या असलेल्या सेटिंग्ज खुल्या करण्याचा दुवा दाबा आणि ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ही खूण परत आलेली आढळते, तेव्हा अधूनमधून तपासा.

शेवटी विंडोज कोणत्या पद्धतीने बूट होतं, म्हणजे सुरू होतं, ते नोंदवा: नवी यूईएफआय की जुनी लेगसी. विंडोज आणि आर दाबून ‘msinfo32’ चालवा आणि बायोस मोडची ओळ बघा. तिथे यूईएफआय असेल तर लिनक्सचा पेनड्राइव्हही यूईएफआय पद्धतीनेच बूट करायचा. लेगसी असेल तर लेगसीनेच. एक यूईएफआयने आणि दुसरी लेगसीने बसवली तर दोन्ही सिस्टिम स्वतंत्रपणे चालतात, पण एका मेनूतून दोन्ही निवडता येत नाहीत.

पेनड्राइव्ह

आयएसओ फाइल, म्हणजे एका फाइलमध्ये बांधलेलं संपूर्ण मिंट, साधारण 3 जीबीची असते, म्हणजे 4 जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, 8 जीबीचा सोयीचा. त्यातलं सगळं पुसलं जाणार हे धरून चाला. आयएसओ मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा तिथेच दिलेल्या टोरंटमधून घ्या. मोबाइल डेटावर टोरंट बरं पडतं, कारण मध्ये रेंज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

उतरवलेली फाइल पडताळायलाच हवी. फेब्रुवारी 2016 मध्ये मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली होती आणि मागचं दार असलेली सिनॅमनची आयएसओ काही काळ लोकांनी उतरवून घेतली होती. त्याहून नेहमीचं कारण म्हणजे अर्धवट उतरलेली फाइल. विंडोजवर 7-झिप असेल तर आयएसओवर उजवी क्लिक करून सीआरसी एसएचए यादीतून एसएचए-256 निवडा आणि येणारी 64 अक्षरांची ओळ संकेतस्थळावरच्या ओळीशी जुळवा. एक अक्षर जरी वेगळं असेल तर फाइल टाकून द्या.

लिहिण्यासाठी रुफस वापरा. डिव्हाइसमध्ये पेनड्राइव्ह, बूट सिलेक्शनमध्ये आयएसओ, पार्टिशन स्कीम जीपीटी आणि टार्गेट सिस्टिम यूईएफआय. (विंडोज लेगसी असेल तर एमबीआर.) स्टार्ट दाबल्यावर आयएसओ पद्धत की डीडी पद्धत विचारतं, तिथे आयएसओ ठेवा. त्या पेनड्राइव्हने बूटच घेतलं नाही तर दुसऱ्यांदा डीडीने लिहा. डीडीने लिहिल्यावर विंडोज ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ असं विचारेल, तेव्हा नाही म्हणा. बूट होताना किंवा बसवताना पडद्यावर ‘स्क्वॉशएफएस एरर’ अशा ओळी येऊ लागल्या तर दोष बहुतेक वेळा पेनड्राइव्हचा असतो. बाजारात खोटी क्षमता लिहिलेले पेनड्राइव्ह भरपूर आहेत. पेनड्राइव्ह बदला, आयएसओ बदलू नका.

एसएसडी बसवणं

लॅपटॉप बंद करून चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढा. आत असेल तर मागचं झाकण उघडल्यावर सर्वात आधी तिचा कनेक्टर सोडवा. स्क्रू रबरी पायांखाली आणि डीव्हीडी ड्राइव्हच्या खाचेत लपलेले असतात. ते सगळे निघाल्याची खात्री झाल्याशिवाय झाकणाला जोर लावू नका. जुनी डिस्क तिच्या पत्र्याच्या कंसासह काढा, कंस एसएसडीला लावा आणि तिच्या जागी बसवा. जुन्या डिस्कची जाडी 7 मिमी असो वा 9.5, एसएसडी 7 मिमीची असते आणि दोन्ही ठिकाणी बसते.

मग जुनी डिस्क ठेवायची कुठे? डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्याच्या खाचेत डिस्कची कॅडी (डिस्क धरणारी चौकट) बसते. कॅडी 9.5 आणि 12.7 मिमी अशा दोन जाड्यांत मिळते, ड्राइव्ह मोजूनच घ्या. काही लॅपटॉपचं बायोस कॅडीतल्या डिस्कवरून बूट करत नाही. तसं झालं तर विंडोज लागेल तेव्हा डिस्क मूळ जागी लावावी लागेल, म्हणजे ते रोजच्या कामाचं राहणार नाही. मशीनमध्ये एम.2 खाच (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची जागा) असेल तर उत्तम: फिरती डिस्क जागेवरच राहते आणि एसएसडी एम.2 ची घेता येते. पण त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एम.2 खाच फक्त साटा प्रकार ओळखते, एनव्हीएमई हा जास्त वेगवान प्रकार नाही. मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल बघूनच खरेदी करा.

कोणताही मार्ग घ्या, लिनक्स बसवताना जुनी डिस्क सोडवून ठेवा. मिंट 22 चा इन्स्टॉलर यूबिक्विटी आहे, आणि त्याची जुनी खोड अशी की तुम्ही बूटलोडरसाठी (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी) दुसरी डिस्क निवडली तरी तो पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे बूटलोडर ठेवायच्या छोट्या भागात, जाऊन बसतो. मग ती डिस्क काढली की लिनक्स सुरू होत नाही. मशीनमध्ये एकच डिस्क असेल तर हा प्रश्नच उरत नाही, आणि चुकून विंडोज पुसलं जाण्याची भीतीही नाही.

पेनड्राइव्हवरून सुरू करून तपासणी

बूट मेनूची कळ कंपनीगणिक वेगळी असते: डेल आणि लेनोव्होवर एफ12, एचपीवर एस्केप मग एफ9, आसुसवर एस्केप. एसरवर एफ12 आहे, पण बऱ्याच मॉडेलवर ती आधी एफ2 ने बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. जुनी डिस्क अजून मशीनमध्ये असेल आणि कळ हुकत असेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. येणाऱ्या निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ मिळतं.

मिंटचा मेनू आला की पहिली ओळ निवडा. पडदा काळा पडून तसाच राहिला, विशेषतः एनव्हिडिया कार्ड असलेल्या मशीनवर, तर पुन्हा सुरू करून ‘कंपॅटिबिलिटी मोड’ निवडा.

आता मिंट पेनड्राइव्हवरूनच चालू आहे, डिस्कवर काही लिहिलेलं नाही. इथे घाई करू नका. वायफाय जोडून बघा, गाणं लावून स्पीकर आणि हेडफोन दोन्ही ऐका, कॅमेरा, ब्लूटूथ, पडद्याचा उजेड कमी-जास्त करायच्या कळा, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं, आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं की नाही हे सगळं बघा. इथे जे चालतं ते बसवल्यावरही चालतं.

अडतं ते सहसा वायफायवर. ब्रॉडकॉमच्या काही चिप्सना वेगळा ड्रायव्हर लागतो, जो बसवल्यानंतर ड्रायव्हर मॅनेजरमधून मिळतो. तोवर इंटरनेटसाठी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंट ते लगेच ओळखतं. रिअलटेकच्या 8723बीई या चिपवर वायफाय लागतं, पण राउटरपासून चार पावलं दूर गेलं की तुटतं. या चिपच्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा एकच अँटेना जोडलेला असतो आणि ड्रायव्हर दुसऱ्याच जोडणीवर ऐकत बसतो. ड्रायव्हरला अँटेनाचा क्रमांक 1 किंवा 2 सांगणारी एका ओळीची फाइल घातली की रेंज येते. चिपचं नाव विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये आधीच पाहून ठेवा.

प्रत्यक्ष बसवणं

चार्जर लावा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर घ्या. पार्टिशन लिहिली जात असताना वीज जाणं परवडणारं नाही. डेस्कटॉपवरचं ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ उघडा. भाषा मराठीही निवडता येते, पण मी सुरुवातीला इंग्रजी ठेवायला सांगतो, कारण अडचणीच्या वेळी पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा शोधता येतो. मराठी टायपिंगचा या निवडीशी काही संबंध नाही. मल्टिमीडिया कोडेक्सची खूण करा, नाहीतर काही व्हिडिओ चालणार नाहीत.

एसएसडी एकटीच असेल तर ‘इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट’ निवडा आणि पुढे चला. ईएफआय पार्टिशन आणि स्वॅप फाइल तो स्वतः करतो. टाइमझोन कोलकाता. लॉगिनचं नाव रोमन लहान अक्षरांत, जागा न सोडता. पासवर्ड लक्षात राहील असाच ठेवा, कारण प्रत्येक अपडेटला तोच लागतो.

सिक्युअर बूट चालू असताना इन्स्टॉलर कोडेक्सच्या पानावर एक वेगळा पासवर्ड मागू शकतो. तो एकदाच वापरायचा असतो, कागदावर लिहा. पहिल्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर ‘परफॉर्म एमओके मॅनेजमेंट’ येतं. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. लोक घाबरून ‘कंटिन्यू बूट’ दाबतात, आणि मग एनव्हिडियाचा किंवा वायफायचा बाहेरचा ड्रायव्हर बसवूनही चालू का होत नाही याचा शोध घेत राहतात. तुमच्या मशीनमध्ये फक्त इंटेल ग्राफिक्स असेल तर बाहेरच्या ड्रायव्हरची गरज बहुधा पडणारच नाही.

एकच डिस्क असेल तर

जागा विंडोजमधूनच मोकळी करा, लिनक्सच्या इन्स्टॉलरकडून नाही. विंडोजची (एनटीएफएस) पार्टिशन लहान करण्याचं काम विंडोजच सर्वात सुरक्षितपणे करतं. डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी ड्राइव्हवर उजवी क्लिक, ‘श्रिंक व्हॉल्यूम’, आणि 150 जीबीसाठी 153600 हा आकडा घाला. भरपूर जागा रिकामी असूनही विंडोज थोडीच मोकळी करू देत असेल तर मध्ये न हलवता येणाऱ्या फायली अडल्या आहेत: हायबरनेशनची फाइल, पेज फाइल आणि सिस्टिम रिस्टोरच्या प्रती. हायबरनेशन, पेज फाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरतं बंद करा, रीस्टार्ट करा आणि पुन्हा प्रयत्न करा. काम झाल्यावर पेज फाइल परत चालू करा. मोकळी झालेली जागा काळी, ‘अनअलोकेटेड’ दिसली पाहिजे. तिथे नवीन ड्राइव्ह करू नका.

विंडोज लेगसी पद्धतीचं असेल तर आणखी एक अडसर आहे. अशा जुन्या मांडणीच्या (एमबीआर) डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन होतात. कंपनीने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर सिस्टिम, विंडोज, रिकव्हरी आणि टूल्स अशा चारही आधीच भरलेल्या असतात, आणि मोकळी जागा ‘अनयूजेबल’ दिसते. अशा वेळी रिकव्हरी किंवा टूल्सपैकी एक बॅकअप घेऊन काढावी लागते. विंडोज ती डिस्क ‘डायनॅमिक’ करायला सुचवेल, ते कधीही स्वीकारू नका.

इन्स्टॉलरमध्ये ‘समथिंग एल्स’ निवडा. मोकळ्या जागेत 60000 एमबीची एक्स्ट4 (लिनक्सच्या प्रकारची) पार्टिशन करा, माउंट पॉइंट म्हणून फक्त तिरकी रेघ (/). उरलेल्या जागेत दुसरी एक्स्ट4, माउंट पॉइंट होम (/home). यामुळे पुढे कधी मिंट नव्याने बसवलं तरी होममधल्या फायली तशाच ठेवता येतात. आधीपासून असलेली, साधारण 100 ते 260 एमबीची ईएफआय पार्टिशन ‘ईएफआय’ म्हणूनच वापरली जाईल. तिच्यासमोर फॉरमॅटची खूण नाही ना, ते दोनदा बघा. ती फॉरमॅट झाली तर विंडोजचा डेटा राहतो, पण विंडोज सुरू होत नाही. ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबल्यावर येणाऱ्या चौकटीत नेमक्या कोणत्या पार्टिशन फॉरमॅट होणार ते लिहिलेलं असतं. तुम्ही केलेल्या दोनच तिथे असल्या पाहिजेत. तिसरी दिसली तर मागे फिरा.

बसवल्यानंतर नेहमी दिसणारे घोटाळे

मशीन सरळ विंडोजमध्येच जातं. बायोसमधल्या बूटक्रमात मिंट शोधू नका. मिंट तिथे ‘उबुंटू’ या नावाने नोंदलेलं असतं. ती नोंद वर आणा. काही एसर मॉडेलवर आधी सुपरवायझर पासवर्ड लावून, सिक्युरिटी विभागात उबुंटूच्या फोल्डरमधली शिम फाइल (सिक्युअर बूटला चालणारा बूटलोडर) विश्वासू म्हणून निवडावी लागते, त्याशिवाय नोंद दिसतच नाही. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर क्रम पुन्हा उलटू शकतो, उपाय तोच.

‘शिम एसबॅट डेटा’ पडताळणी फसल्याचा संदेश येऊन मशीन बंद होतं. ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटने जुने बूटलोडर नाकारण्याचा नियम घातला आणि तो बऱ्याच दोन सिस्टिमवाल्या मशीनना लागला. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून मिंट सुरू करा, सर्व अपडेट घ्या, मग ते पुन्हा चालू करा. पेनड्राइव्हवर हाच संदेश आला तर आयएसओ जुनी आहे.

मशीन सुरू करताना काळ्या पडद्यावर फक्त ‘ग्रब’ची (लिनक्सच्या बूटलोडरची) खूण दिसते, मेनू नाही. कोणीतरी विंडोजमधून लिनक्सच्या पार्टिशन ‘अनोळखी’ समजून पुसल्या की असं होतं. पार्टिशन शाबूत असतील तर मिंटच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून मेनूतलं बूट रिपेअर चालवा. त्याचा सुचवलेला उपाय बहुतेक वेळा पुरतो.

विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितो, विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये ‘timedatectl set-local-rtc 1’ ही आज्ञा द्या, घोळ मिटतो.

डिस्क इन्स्टॉलरला दिसतच नाही. एनव्हीएमई असलेल्या मशीनवर बायोसमध्ये साटा मोड ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ असतो, तो ‘एएचसीआय’ करावा लागतो. पण सरळ बदललात तर विंडोज निळा पडदा दाखवेल. आधी विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’मधून (msconfig) सेफ बूटची खूण करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदला, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या आणि खूण काढा.

पहिल्या दिवशीची कामं

अपडेट मॅनेजर उघडून आधी जवळचा, वेगवान मिरर (अपडेट पुरवणारा सर्व्हर) निवडा, मग सगळे अपडेट घ्या. टाइमशिफ्टमध्ये सिस्टिमच्या प्रती चालू करा: आठवड्याला एक, दोन-तीन ठेवायच्या. टाइमशिफ्ट सिस्टिम परत आणतं. तुमच्या फोटोंचा तो बॅकअप नाही. सॉफ्टवेअर लागेल ते सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. संकेतस्थळांवरून ईएक्सई फायली उतरवण्याची सवय इथे सोडावी लागते.

मराठी

इन्स्क्रिप्ट येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट विभागात जा, सिस्टिमच्या ठरावीक मांडणीची खूण काढा आणि भारतीय मांडण्यांच्या यादीतून मराठी एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट जोडा. मांडणी बदलायला आल्ट-शिफ्ट ठेवा. हलन्त डीच्या कळीवर, ळ शिफ्ट-एनवर, आणि दऱ्या, सुऱ्या यांतला ऱ शिफ्ट-जेवर मिळतो. त्याच्यापुढे हलन्त आणि य दिला की ऱ्य बरोबर उमटतो.

रोमन उच्चारांवरून टाइप करायची सवय असेल तर मेनूतून इनपुट मेथड उघडा, आयबस (टायपिंगच्या पद्धती चालवणारा प्रोग्राम) बसवा आणि सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘आयबस-एम17एन’ (ibus-m17n) जोडा. लॉग आउट करून परत आल्यावर मराठीखाली आयट्रान्स, फोनेटिक आणि गमभन अशा पद्धती मिळतात. गमभनवर हात बसलेल्यांना काहीच नवीन शिकावं लागत नाही.

अक्षरं दिसतात, पण ल आणि श हिंदी वळणाचे येतात, ही तक्रार रास्त आहे. लोहित देवनागरीचा मराठीसाठी वेगळा फॉन्ट पॅकेजमध्ये आहे, तो बसवा. लिब्रऑफिसमध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ (सीटीएल) चालू करून त्याची भाषा मराठी ठेवा, आणि मजकुराच्या शैलीतही सीटीएलचा फॉन्ट वेगळा निवडा. नेहमीचा फॉन्ट बदलून देवनागरीवर काहीच परिणाम होत नाही, आणि इथेच बहुतेकांचा वेळ जातो. श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधल्या जुन्या फायली युनिकोडमध्ये नाहीत. त्या रूपांतर केल्याशिवाय किंवा तोच फॉन्ट इथे बसवल्याशिवाय वाचता येणार नाहीत. अशा फायली रोज लागत असतील तर ते काम विंडोजवरच ठेवा. टॅलीचंही तेच.

प्रिंटर

आपल्याकडे घरोघरी असलेला कॅनन एलबीपी 2900 लिनक्सवर त्रास देतो. तो कॅननची स्वतःची कॅप्ट भाषा बोलतो, आणि त्याचा ड्रायव्हर बसला तरी काही पानांनंतर अडकू शकतो. हाच प्रिंटर असेल आणि रोज छपाई असेल तर विंडोजची डिस्क हाताशी ठेवाच. एचपी लेझरजेट 1020 चालतो, पण प्रत्येक वेळी चालू झाल्यावर त्यात फर्मवेअर भरावं लागतं. त्यासाठी एचपीलिपचं (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं) प्लगइन एकदा इंटरनेटवरून उतरवावं लागतं, पुढे ते आपोआप होतं. एप्सनचे शाईच्या टाकीवाले एल मालिकेचे प्रिंटर सहसा फारशी खटपट न करता लागतात. स्कॅनर आधी ‘डॉक्युमेंट स्कॅनर’मध्ये तपासा, मगच वेगळा ड्रायव्हर शोधा.

मिंट जमलं नाही आणि सगळं पूर्ववत करायचं असेल, तर वेगळ्या एसएसडीच्या बाबतीत जुनी डिस्क जागेवर लावली की झालं. एकाच डिस्कवर बसवलं असेल तर क्रम महत्त्वाचा आहे: आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणा, विंडोज सरळ सुरू होतं हे पाहा, मगच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सच्या दोन पार्टिशन काढा आणि सी ड्राइव्ह वाढवा. ईएफआय पार्टिशनला हात लावू नका. तिच्यातला उबुंटूचा फोल्डर तसाच पडून राहिला तरी काही बिघडत नाही.